२१ नंबरचा गुडघा: मार्कस लॅटिमोर आणि साउथ कॅरोलायनाचे फॅन

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कुणाचा गुडघा जाणं ही काही मोठी बातमी नसते. दर शनिवारी कुणाचा ना कुणाचा जातो, फॅन लोक दोन दिवस हळहळतात, सोमवारपासून त्याच्या जागी कोण खेळणार यावर चर्चा सुरू होते आणि सीझन पुढे सरकतो. पण ऑक्टोबर २०१२ मध्ये साउथ कॅरोलायनात जे झालं ते असं दोन दिवसांत मिटलं नाही. फॅन कशावर रडतात, कशावर भांडतात आणि कुठे स्वतःचीच समजूत काढतात, हे सगळं एकाच पोराच्या केसमध्ये बघायला मिळतं म्हणून ही केस घेतलीये. पोराचं नाव मार्कस लॅटिमोर, रनिंग बॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन समोरच्या धिप्पाड लोकांच्या भिंतीत घुसणारा.

आधी थोडं वातावरण सांगतो, नाहीतर पुढचं सगळं अतिरेक वाटेल. साउथ कॅरोलायना राज्यात एनएफएलची, म्हणजे पगारी खेळाडूंच्या मोठ्या लीगची, टीमच नाही, सगळ्यात जवळची शेजारच्या राज्यात शार्लटला. त्यामुळे लोकांचा जीव कॉलेजच्या टीमवर, आणि अर्धं राज्य क्लेमसनचं तर अर्धं कोलंबियातल्या युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायनाचं. ही दुसरी टीम म्हणजे गेमकॉक्स, झुंजीचा कोंबडा हे त्यांचं चिन्ह. त्यांच्या विल्यम्स-ब्राइस स्टेडियमची तेव्हाची क्षमता ८०,२५०, आणि बाहेर रेल्वेच्या जुन्या रुळावर लाल रंगाचे २२ डबे कायमचे उभे आहेत, आतून हॉटेलच्या खोलीसारखे सजवलेले, पैसेवाले फॅन मॅचच्या दिवशी त्यात खाणंपिणं करतात. एवढा थाट, पण टीमचा इतिहास मात्र मार खाण्याचा. १९९९ ला तर ११ पैकी ११ मॅच हरले होते, १९९८ ते २००० मध्ये सलग २१ पराभव, आणि तरी स्टेडियम भरतच होतं. अशा लोकांना एखादा हिरो मिळाला की ते त्याला काय जीव लावणार हे सांगायला नको.

लॅटिमोर त्यांच्याच राज्यातला, डंकन नावाच्या छोट्या गावचा. शाळेत असतानाच देशभरच्या कॉलेजांच्या रांगा लागलेल्या, शेवटी ऑबर्न की साउथ कॅरोलायना असं उरलं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्याने चर्चमध्ये लोकांसमोर घरच्या टीमचं नाव घेतलं. आपला पोरगा बाहेर गेला नाही, ही गोष्ट तिथल्या फॅनसाठी त्याच्या कुठल्याही टचडाउनपेक्षा (बॉल घेऊन समोरच्याची शेवटची रेघ ओलांडणं) मोठी होती असं मला वाटतं. आणि मग पोरगा खेळलाही तसाच. पहिल्याच सीझनला बॉल घेऊन १,१९७ यार्ड पळाला आणि धावून १७ टचडाउन. त्याच वर्षी टीमने नंबर एकवर असलेल्या अलाबामाला ३५-२१ हरवलं, आणि नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडाच्या घरात जाऊन त्याने एका मॅचमध्ये ४० वेळा बॉल नेला, २१२ यार्ड काढले आणि टीमने इतिहासात पहिल्यांदा आपल्या कॉन्फरन्सचा, म्हणजे ज्या कॉलेजांच्या गटात ते खेळतात त्याचा, ईस्ट डिव्हिजन जिंकला. वर स्वभाव असा की टचडाउन केल्यावर नाचत नाही, बॉल सरळ पंचाच्या हातात देतो. म्हाताऱ्या फॅनना तर तो घरातला नातूच वाटायचा.

पहिला गुडघा गेला १५ ऑक्टोबर २०११ ला, मिसिसिपी स्टेटविरुद्ध, डावा. बॉल त्याच्याकडे नव्हताच, तो ब्लॉक करत होता आणि गर्दीत त्याच्या पायावर माणूस येऊन पडला. एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारा एक लिगामेंट, फाटला, सीझन संपला, सात मॅचमध्ये ८१८ यार्ड झाले होते. त्यावेळची फॅनची प्रतिक्रिया आता बघितली तर बऱ्यापैकी नॉर्मल होती. वाईट वाटलं, प्रार्थना झाल्या, आणि थोडा राग कोच स्टीव्ह स्पर्रियरवर निघाला, की पोराला किती पळवायचं, नेव्हीविरुद्ध ३७ वेळा बॉल दिला होता, घासून घासून संपवला त्याला. हा आरोप ऐकायला बरोबर वाटतो, पण एसीएल असा झिजून जात नाही. पाय जमिनीत रुतलेला असताना बाजूने वजन आलं की तो एका सेकंदात फाटतो, आणि आधी ३७ वेळा पळलास की ७ वेळा याच्याशी त्या सेकंदाचा फारसा संबंध नसतो. पण अपघाताला जबाबदार कुणीच नाही हे फॅनच्या पचनी पडत नाही, त्यांना एक नाव लागतं, आणि कोचचं नाव कायम हाताशी असतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा झाली जी पुढे महागात पडली. २०११ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी एनएफएलमध्ये एड्रियन पीटरसनचा गुडघा गेला, आणि तो माणूस नऊ महिन्यांत परत येऊन २०१२ च्या सीझनला २,०९७ यार्ड पळाला. म्हणजे लॅटिमोर परत आला त्याच हंगामात सगळ्या देशासमोर रोज हे उदाहरण चालू होतं. गुडघा गेला तरी काही बिघडत नाही, उलट माणूस आणखी जोरात येतो, असा लोकांचा पक्का समज झाला. लॅटिमोरही २०१२ ला आला, अकरा टचडाउन केले, थोडा जपून पळत होता असं बारकाईने बघणारे म्हणायचे पण बहुतेकांच्या दृष्टीने गोष्ट पूर्ण झाली होती, पोरगा पडला आणि उठला, आता ड्राफ्ट, म्हणजे एनएफएलच्या टीम राउंडमागून राउंड करत कॉलेजची पोरं निवडतात ते.

मग २७ ऑक्टोबर २०१२, घरच्या मैदानावर टेनेसीविरुद्धची मॅच. पहिल्यांदा त्याने २८ यार्डांचं एक टचडाउन मारलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तो बॉल घेऊन निघाला आणि टेनेसीच्या एका डिफेंडरने खालून येऊन थेट त्याच्या उजव्या गुडघ्यात धडक दिली. पाय नको त्या दिशेला वळला. ज्यांनी बघितलं त्यांना रिप्ले लागला नाही आणि ज्यांनी रिप्ले बघितला त्यांना तो परत बघायचा नाहीये. वर्णन मीही इथेच थांबवतो.

स्टेडियमचं काय झालं ते मात्र सांगायला हवं. ऐंशी हजारांची जागा एकदम गप्प. आणि मग साउथ कॅरोलायनाची अख्खी टीम मैदानात आली, आणि त्यांच्या मागोमाग टेनेसीचीही. ज्यांना हरवायला आलो त्याच टीमच्या पोरासाठी समोरची टीम बेंच सोडून येते हे या खेळात क्वचित बघायला मिळतं. कार्टवरून त्याला नेताना उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत केशरी शर्टवालेही, म्हणजे टेनेसीचे फॅनही होते. आणि त्यानंतर, हा भाग मला सगळ्यात विचित्र वाटतो, मॅच पुढे सुरू झाली. व्हावीच लागते. शेवटच्या मिनिटांपर्यंत अटीतटीची झाली, साउथ कॅरोलायनाचा डिफेंडर जेडेव्हियन क्लाउनीने टेनेसीच्या क्वार्टरबॅकला (बॉल फेकणारा) आडवा करून बॉल सोडवला तेव्हा कुठे ३८-३५ अशी जिंकली. म्हणजे त्याच लोकांनी एका दुपारी हंबरडाही फोडला आणि आरडाओरडा करून विजयही साजरा केला, आणि दोन्ही खरं होतं, यात ढोंग शोधणाऱ्यांना मी म्हणेन की तुम्ही कधी कुठल्या टीमवर जीव लावलेला नाही.

मेडिकल बाजू थोडक्यात. पहिल्या वेळी प्रश्न मुख्यतः एसीएलचा, म्हणजे शरीरातलाच दुसरा टेंडन घेऊन नवीन दोरी बसवायची आणि नऊ ते बारा महिने मेहनत करायची. दुसऱ्या वेळी गुडघा सांध्यातून निखळला होता आणि एकाहून जास्त लिगामेंट फाटले होते. हे वेगळंच प्रकरण. गुडघ्याच्या मागून पायाला रक्त नेणारी मुख्य धमनी जाते, आणि बाहेरच्या बाजूने पाऊल वर उचलायला लावणारी नस. सांधा निखळला की डॉक्टर आधी पावलातली नाडी बघतात, कारण धमनी फाटली आणि वेळेत कळलं नाही तर पायच जाऊ शकतो. नस ताणली गेली तर पाऊल लोंबकळतं आणि ती बरी होईल की नाही हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी ऑपरेशन केलं, पीटरसनचं ज्यांनी केलं तेच. फॅन लोकांना हे नाव पाठ असतं, आणि अँड्र्यूजनी हात लावला म्हणजे झालं काम, अशी एक श्रद्धा असते. सर्जनवर अशी श्रद्धा ठेवणारे फॅन मी दुसऱ्या कुठल्याही खेळात पाहिले नाहीत.

त्याआधी, मॅचनंतरच्याच सोमवारी, २९ ऑक्टोबरला, त्याचा एकविसावा वाढदिवस होता. हा योगायोग नसता तर पुढचं कदाचित एवढं मोठं झालं नसतं. तेव्हाच्या गव्हर्नर निक्की हेली (हो, त्याच, पंजाबी आईवडिलांच्या, नंतर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या) यांनी तो दिवस राज्यभर मार्कस लॅटिमोर डे म्हणून जाहीर केला. युनिव्हर्सिटीच्या जुन्या भागात हॉर्सशू नावाचं मोठं हिरवळीचं आवार आहे, तिथे शेकडो लोक जमले, विद्यार्थी, म्हातारे, पोरंबाळं घेऊन आलेले, आणि हॉस्पिटलमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाचा वाढदिवस साजरा केला. एकवीस वर्षांच्या पोराच्या गुडघ्यासाठी सरकारी घोषणा, ऐकायला कसंतरीच वाटतं. पण त्यात खोटेपणा नव्हता. टीमच्या त्या वर्षीच्या निकालावर याचा काही परिणाम होणार नव्हता, मागायचं काही नव्हतं, लोक फक्त आले.

माझा मुद्दा या सोमवारनंतर सुरू होतो. कारण त्या प्रेमात एक अट हळूच शिरली आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही: तो परत येणार. परत येणार हे इतक्यांदा इतक्या मायेने म्हटलं गेलं की ती शुभेच्छा राहिली नाही, कामाची यादी झाली. उदाहरणं तयार होतीच. पीटरसन तर होताच, पण त्याहून जवळचं म्हणजे विलिस मॅगाही, मायामीचा रनिंग बॅक, जानेवारी २००३ मध्ये फिएस्टा बोलमध्ये (सीझन संपल्यावरच्या खास मॅचना बोल म्हणतात) त्याच्या गुडघ्यातले तीन लिगामेंट गेले होते, तरी त्याच वर्षी तो पहिल्या राउंडमध्ये निवडला गेला आणि २००४ ला हजाराहून जास्त यार्ड पळाला. लॅटिमोरबद्दल बोलताना जो तो मॅगाहीचं नाव घ्यायचा. आता ज्या पोरांचा गुडघा गेला आणि जी गावी जाऊन नोकरीला लागली त्यांची नावं अर्थातच कुणी घेत नव्हतं, कारण ती कुणाला माहीतच नसतात. त्यामुळे फॅनच्या डोक्यात गुडघ्याचा हिशोब कायम एकाच बाजूचा राहतो, आणि तो हिशोब मग पेशंटच्या डोक्यावर बसतो.

रागाची बाजूही बघू. सुरुवातीला काहींनी धडक देणाऱ्यावर तोंडसुख घेतलं, पण बॉल घेऊन पळणाऱ्याला खालून पाडणं नियमात बसतं आणि हे फुटबॉल कळणाऱ्याला नाकारता येत नाही, म्हणून तो राग लवकर विरला. पुढच्याच वर्षी, २०१३ पासून, कॉलेज फुटबॉलमध्ये डोक्यावर मारणाऱ्याला मैदानाबाहेर काढायचा नियम आला. डोकं वाचवायला हवंच, पण मग डिफेंडर जाणार कुठे, तर खाली. ऑगस्ट २०१३ मध्ये एनएफएलच्या सराव सामन्यात डी. जे. स्वेरिंजर नावाच्या नव्या पोराने डस्टिन केलरच्या गुडघ्यात धडक देऊन त्याचा सीझन संपवला, आणि नंतर म्हणाला की वर मारायला बंदी आहे म्हणून खाली गेलो. हा स्वेरिंजर कोण, तर लॅटिमोरचाच टीममेट, टेनेसीच्या त्या मॅचच्या वेळीही तो साउथ कॅरोलायनाच्याच टीममध्ये होता. यात त्याला व्हिलन करायची गरज नाही. जवळून बघूनसुद्धा मैदानावरच्या अर्ध्या सेकंदात माणूस नियम आणि पगार यांच्याच हिशोबाने वागतो एवढंच.

खरा राग पैशावर निघाला आणि तो जास्त टिकला. त्या वर्षांत दुकानात २१ नंबरची, म्हणजे लॅटिमोरच्याच नंबरची, गडद लाल जर्सी मिळायची, नाव नसलेली, कारण नाव घातलं तर पोराला पैसे द्यावे लागतील ना. व्हिडिओ गेममध्येही साउथ कॅरोलायनाचा २१ नंबरचा रनिंग बॅक होता, तसाच दिसणारा, तसाच पळणारा, बिनानावाचा. पोराला मिळायची स्कॉलरशिप. काही लोक म्हणाले की पहिल्या सीझननंतरच एनएफएलला जायला हवं होतं, पण शाळा सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल घेतच नाही, मॉरिस क्लॅरेट नावाच्या पोराने २००४ मध्ये कोर्टात जाऊन हा नियम मोडायचा प्रयत्न केला होता आणि तो हरला. म्हणजे लॅटिमोरची पहिली संधीच २०१३ च्या ड्राफ्टची, आणि तोपर्यंत दोन्ही गुडघे गेलेले. विमा होता, बातम्यांनुसार साधारण १७ लाख डॉलरचा, खेळणं कायमचं बंद झालं तरच मिळणारा. पहिल्या राउंडच्या करारापुढे ही रक्कम किरकोळ, पण बहुतेक पोरांकडे तेवढंही नसतं.

इथे फॅनची गोची बघण्यासारखी होती. साउथ कॅरोलायनाने २०११, २०१२ आणि २०१३ असे सलग तीन सीझन ११-२ (११ जिंकल्या, २ हरल्या) असे काढले, त्या आधी कधीच ११ जिंकले नव्हते. म्हणजे त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं आणि त्यातल्या दोन वर्षांत मधेच हा पोरगा लंगडत बाहेर. २०१३ च्या सुरुवातीला क्लाउनीने मिशिगनच्या रनिंग बॅकला हेल्मेट उडेल असं उडवलं, सगळ्या देशात ती क्लिप फिरली, आणि लगेच काही पत्रकार म्हणायला लागले की क्लाउनीने पुढचा सीझन खेळूच नये, घरी बसावं, थेट २०१४ च्या ड्राफ्टला जावं, लॅटिमोरचं काय झालं ते बघा. आता बघा गंमत. चार महिन्यांपूर्वी ज्यांनी हॉर्सशूवर डोळे पुसले त्यांच्यातलेच कित्येक म्हणाले की हे काय भलतंच, टीमला सोडून कसं बसायचं. क्लाउनी खेळला. अधूनमधून दुखापतीमुळे बसला तर कुजबुज सुरू झाली की हा अंग राखून खेळतोय. २०१४ ला तो पहिल्या नंबरवर गेला आणि एनएफएलच्या पहिल्याच मॅचमध्ये त्याचा गुडघा दुखावला, पण निदान करार झाला होता. जखमी झालेल्या पोराला फॅन वाट्टेल ते देतात, आणि जखमी होऊ नये म्हणून मागे सरणाऱ्याला काहीच देत नाहीत. हे मला या सगळ्या केसमधलं सगळ्यात बोचणारं वाटतं.

लॅटिमोरला २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने चौथ्या राउंडमध्ये, १३१ व्या नंबरवर घेतलं. तिथले फॅन वेगळे. त्यांचा जनरल मॅनेजर एसीएल गेलेली पोरं स्वस्तात उचलायचा म्हणून ते त्याला हसायचे, ऑल-एसीएल टीम म्हणायचे. तिथे लॅटिमोर नातू वगैरे नव्हता, पडलेल्या भावात घेतलेला शेअर होता, वर गेला तर नफा, नाही तर चौथाच राउंड होता, जाऊ दे. ऐकायला हे निष्ठुर आहे, पण निदान त्यांनी त्याच्याकडून स्वतःच्या आयुष्याची गोष्ट पूर्ण करून मागितली नाही. पहिला सीझन तो खेळलाच नाही, दुसऱ्याला सराव करून बघितला, गुडघा साथ देईना, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, २३ व्या वर्षी, एकही मॅच न खेळता त्याने रिटायरमेंट जाहीर केली. एवढ्या लहान वयात हे जाहीर करायला जी हिंमत लागते ती परत मैदानात उतरण्याच्या हिमतीपेक्षा कमी नाही, पण तिच्यासाठी कुठल्या गव्हर्नरने दिवस जाहीर केल्याचं माझ्या वाचनात नाही.

कोलंबियात त्याला परत उघड्या हातांनी घेतलं हे मान्य करायला हवं. राहिलेलं शिक्षण केलं, पोरांसाठी फाउंडेशन चालवलं, २०१८ मध्ये फुटबॉल टीमच्या स्टाफवर आला, खेळाडूंना खेळापलीकडचं सांभाळून घ्यायचं काम. नंतर तेही सोडून तो पार ओरेगनमध्ये पोर्टलंडला गेला आणि कविता लिहायला लागला. काही फॅनना हे अजून झेपत नाही, आमचा मार्कस कोच व्हायला हवा होता म्हणतात. का व्हायला हवा होता?

बाकी जग त्याच्यामागून बदललं. जानेवारी २०१६ मध्ये नोत्र दामच्या जेलन स्मिथचा गुडघा बोल गेममध्ये गेला, नसही गेली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोघांनी आपापल्या बोल गेममधून माघार घेतली. तेव्हा केवढा गहजब झाला होता, स्वार्थी काय, टीमचा विश्वासघात काय. आता डिसेंबरमध्ये अशा माघारीची यादीच येते आणि फॅन कुरकुरत का होईना, पॉपकॉर्न खात बघतात. १ जुलै २०२१ पासून पोरांना स्वतःचं नाव विकता येतं, २०२५ पासून कॉलेजं थेट पैसेही देतात. तीन वर्षांचा नियम मात्र जसा होता तसाच आहे, म्हणजे अठरा वर्षांचा रनिंग बॅक आजही आपले तीन सीझनचे गुडघे आधी कॉलेजला देतो, फरक इतकाच की आता जर्सीच्या पाठीवर त्याचं नाव असतं आणि त्यातले काही पैसे त्याच्या खात्यात जातात.